चिंचोक्यांचा डाव

पत्त्यांचा जोड देवघराच्या खणात, जुन्या पंचांगांच्या तळाशी, बावीस वर्षं पडून होता. पाडव्याच्या सकाळी सुनंदाने तो बाहेर काढला, पदराने पुसला आणि पद्मनाभांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

पद्मनाभांनी पेपर खाली केला. आधी पत्त्यांकडे बघितलं, मग वहिनीकडे.

"हे कशाला, वहिनी?"

"खेळायला."

"या घरात?"

"मग रस्त्यावर बसू काय? बाहेर बघा जावा, पहाटेपासून बसल्यात सगळे. उगादी आहे की आज."

"अण्णा घर सोडून गेला तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, आता या घरात पत्ता दिसायचा नाही."

"म्हणाले होते. आता काढा म्हणतेय."

पद्मनाभांनी पुन्हा पेपर वर केला. घरात कुणाशी भांडायचं नसलं की ते पेपर वर करत. आणि वहिनीशी ते बावीस वर्षांत एकदाही भांडले नव्हते.

यशवंतपूरच्या या गल्लीत उगादीला पत्ते खेळायची जुनी रीत. निपाणीहून नवी नवरी होऊन आलेल्या ठकुबाईने ती पहिल्यांदा बघितली तेव्हा ती घाबरली होती. सणाच्या दिवशी दारादारात डाव मांडलेले, पुरुष मांडी ठोकून बसलेले, पैशांच्या चवडी. पुढे तिला दोन मुलं झाली, पद्मनाभ आणि त्यांचा थोरला भाऊ नागराज, म्हणजे अण्णा, सुनंदाचा नवरा. मुलं बाहेरच्या डावाकडे ओढ घ्यायला लागली तेव्हा तिने डावच घरात आणला. तिच्या घरात पैसा चालत नसे, चिंचोके चालत. प्रत्येकाला तीस. खेळायचं तेही सगळ्यात सोपं, आत-बाहेर: एक पत्ता उघडा ठेवायचा आणि त्याचा जोडीदार आतल्या ढिगात पडतो की बाहेरच्या, त्यावर चिंचोके लावायचे. आणि जो सगळे हरेल त्याच्या पोळीवर सगळ्यात जास्त तूप. पत्ते वाटताना ठकुबाई म्हणायची,

पहिला माझा पत्ता, पाटावरी आला,
हरेल त्याच्या पानी, तूप जास्ती घाला.

पोरं तुपासाठी मुद्दाम हरायची. ठकुबाईला तेच तर हवं होतं.

सुनंदाला तूप कढवता कढवता सासू आठवली. पण पत्ते तिने सासूच्या आठवणीसाठी काढले नव्हते. गेल्या महिन्यात एका बुधवारी भर दुपारी पद्मनाभांचा अद्वैत अचानक घरी आला होता. "या बाजूला काम होतं, दोड्डम्मा," म्हणाला. शेजारच्या कन्नड पोरांचं ऐकून तो तिला लहानपणापासून दोड्डम्मा म्हणायचा, मोठी आई. त्याची आई तो पाच वर्षांचा असताना गेली, आणि त्यानंतर त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं ते या थोरल्या चुलतीनेच. त्या बुधवारी तो जेवला. जेवताना फोन ताटाशेजारी उताणा होता आणि त्याचा अंगठा मांडीवर सारखा हलत होता. दर अर्ध्या मिनिटाला एकदा. ठोका पडल्यासारखा.

असं वाट बघणारं बोट तिने पूर्वी बघितलं होतं. कुणाचं, ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

*

व्हाइटफील्डहून यशवंतपूर म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. दीड तासाच्या वाटेत अद्वैत सहा वाक्यं बोलला. त्याच्या बायकोने, शाल्मलीने, मोजली नव्हती, पण मोजता आली असती. तिला वाटलं, ऑफिसचा ताण असेल. त्याच्या कंपनीतून माणसं काढतायत हे तिला ठाऊक होतं. "तुझं ठीक आहे नं?" असं तिने डिसेंबरात विचारलं होतं आणि "माझं ठीक आहे" असं तो म्हणाला होता. नंतर पुन्हा विचारायचं तिने टाळलं. सारखं विचारलं की माणसाला वाटतं, आपल्यावर विश्वास नाही.

आज तिचं मन हलकं होतं. दारात शेजारची शिवलीला वाटीत बेवू-बेल्ला घेऊन उभी होती, कडुनिंब आणि गूळ. "स्वल्प तगोळ्ळी, थोडं घ्या," म्हणत तिने शाल्मलीच्या तळहातावर चिमूट ठेवली. शाल्मलीने कडू तोंड केलं आणि सगळ्या हसल्या. गच्चीच्या कठड्यावर गुढी उभी होती. नागपूरला आईने उभारलेल्या गुढीचा फोटोही सकाळीच आला होता.

जेवायला बसल्यावर पद्मनाभांनी विषय काढला. "सूनबाई, मग? आज ना ते?"

"हो बाबा. आजच."

"काय आजच?" सुनंदाने पोळी वाढता वाढता विचारलं.

शाल्मलीने अद्वैतकडे बघितलं. हे त्याने सांगावं असं तिला वाटत होतं. तो वरणात भात कालवत होता, बराच वेळ.

"मी राजीनामा देतेय, काकू," ती म्हणाली. "मैसूरला ॲडमिशन झाली नं माझी. कर्णबधिर मुलांना शिकवायचा कोर्स. दोन वर्षांचा. वीस तारखेच्या आत फी भरायची, जूनपासून हॉस्टेल. मेल लिहून ठेवलाय. म्हटलं, साडेतीन मुहूर्तांतला एक आहे, आजच पाठवू."

"तुझ्या बहिणीसाठी का गं?"

"सोनमसाठी असं नाही आता. ती मोठी झाली. पण ती लहान असताना तिच्याशी बोलायला आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं, काकू. एकाच खोलीत पाच माणसं आणि ती एकटी. ते डोक्यातून जात नाही माझ्या." ती हसली. "अद्वैत म्हणाला, दोन वर्षं मी सांभाळतो. मी म्हटलं, बघ हं, मग मागे फिरायचं नाही."

"मुहूर्त दिवसभर आहे, पण साडेचारला राहुकाळ लागतो," पद्मनाभ म्हणाले. रेल्वेच्या मालधक्क्यावर पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. वेळ सांगताना त्यांचा आवाज अजून गाडी सुटायच्या वेळेसारखा व्हायचा. "साडेचारच्या आत पाठवून टाक. काय रे, अद्वैत?"

"हो," अद्वैत म्हणाला.

सुनंदा त्याच्या पानाशी थांबली. "पोळी?"

"नको, दोड्डम्मा."

"अर्धी?"

"नको म्हटलं ना."

ती पुढे गेली नाही. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"चला," सुनंदा म्हणाली, "साडेचारला वेळ आहे अजून. तोवर एक डाव टाकू. शाल्मली, तुला आमची आतबाहेर माहीत नाही ना?"

*

चिंचोके गुळगुळीत, काळपट, थंड होते. अद्वैतने तीस मोजून घेतले आणि हातात घेताच त्याला बरं वाटलं. ते बरं वाटणं त्याला आवडलं नाही.

तो भिंतीला टेकून बसला. समोर बाबा, अनिच्छेने, पण सुनेने हात धरून बसवलेले. डाव्या हाताला शाल्मली. पत्ते दोड्डम्माच्या हातात. तिने चौकट सत्ती उघडी टाकली. "लावा."

शाल्मलीने एक चिंचोका आत लावला, मग उचलून बाहेर, मग पुन्हा आत. "थांबा, थांबा, मला कळू द्या." बाबांनी एक बाहेर लावला. अद्वैतने दोन लावले, आत.

सत्ती बाहेर पडली.

"गेले!" शाल्मली ओरडली. "दोघांचे गेले, बाबा जिंकले. बाबा, तुम्ही तर उस्ताद आहात."

अद्वैतने चार लावले. गेले. आठ लावले.

पुढचा पत्ता पडेपर्यंतचा तो क्षण. त्याला वाटायचं, जगात फक्त याच एका क्षणात कुणीतरी त्याला उत्तर देणार असतं. डिसेंबरच्या अकरा तारखेपासून त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. दीडशे ठिकाणी अर्ज. "कळवतो" म्हणणारी माणसं. तीन-तीन मुलाखती घेऊन गप्प झालेल्या कंपन्या. एखाद्याने नाही म्हटलं असतं तरी त्याने त्याचे आभार मानले असते. आणि फोनमधला तो खेळ: लाल की हिरवा. तीस सेकंद. लाल. संपलं. पुन्हा तीस सेकंद. कब्बन पार्कातल्या बांबूखालच्या बाकावर, लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, त्याला दर तीस सेकंदांनी कुणीतरी स्पष्ट सांगत होतं. हो. नाही. नाही. हो. नाही.

आठही गेले.

"दुप्पट करतोय बघ हा," बाबा म्हणाले. "असं नसतं खेळायचं. थोडं थोडं लावावं."

त्याच्याकडे सोळा उरले होते. त्याने सोळाही लावले.

"अरे!" शाल्मली हसली. "तुपाची घाई झालीय याला."

दोड्डम्मा पत्ते टाकू लागली. तिने हलक्या आवाजात सासूची ओवी धरली होती, पहिला माझा पत्ता, आणि ती मध्येच थांबली. ती त्याच्या मांडीकडे बघत होती. त्याने अंगठा मुठीत दाबला.

बाहेर पडला.

आता हसायचं होतं. हरलेल्याने हात वर करून "तूप, तूप!" ओरडायचं, ही या घराची रीत. तो लहानपणी किती ओरडला होता. त्याने तोंड उघडलं.

"तुझे दे," तो शाल्मलीला म्हणाला.

"हं?"

"तुझे चिंचोके. दे ना. आता येईल माझं. सलग चार बाहेर आलेत, आता आत येणारच."

शाल्मलीने हसत हसत सगळे त्याच्याकडे सरकवले. "घे बाबा, घे माझी इस्टेट."

तिने ते इतक्या सहज दिले की ते परत सरकवावेत असं त्याला वाटलं. तरी हात पुढे गेला. सगळे लावले. "काढा," तो म्हणाला. दोड्डम्मा थांबली होती. "दोड्डम्मा, काढा ना. काढा की लवकर!"

तो आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. बाहेरच्या गल्लीत कुणीतरी जिंकून ओरडलं.

दोड्डम्माने हातातले पत्ते पालथे घातले आणि पाटाखाली सरकवले.

"किती दिवस झाले रे?" तिने विचारलं.

"कशाला?"

"तेच विचारतेय."

"दोड्डम्मा, चिंचोके आहेत हे. गंमत आहे."

"गंमत करणारा हरला की हसतो," ती म्हणाली. "मी तुझे हात बघायला पत्ते काढले, अद्वैत. बाकी काही नाही."

*

पद्मनाभांना आधी राग आला तो वहिनीचा. सणासुदीचं पोराला असं काय विचारायचं? मग त्यांनी मुलाचा चेहरा बघितला आणि त्यांना अण्णा दिसला.

अण्णा कामाला होता तो बेअरिंगचा कारखाना जवळच होता. एका सकाळी फाटकाला कुलूप लागलं. आज उघडेल, सोमवारी उघडेल, दसऱ्यानंतर उघडेल. वर्षभर अण्णा डबा घेऊन फाटकापर्यंत जाऊन यायचा. आणि त्याच वर्षी त्याला एक आकडी लॉटरीचं वेड लागलं. कोपऱ्यावरच्या दुकानात फळ्यावर दर पंधरा मिनिटांनी एक आकडा लिहीत. घरातली भांडी गेली, आईच्या पाटल्या गेल्या. पद्मनाभांनी स्वतः त्याची पिशवी दाराबाहेर ठेवली होती. "जोवर हे सुटत नाही तोवर उंबरा चढू नकोस." अण्णा शहराबाहेर आनेकलला गेला, दगडाच्या कटिंग शेडवर रात्रपाळीचा राखणदार झाला, आणि सहा वर्षांनी तिथेच गेला. कळवायला शेडचा माणूस आला तेव्हा पद्मनाभ ड्युटीवर होते. ते ड्युटी संपवूनच निघाले.

"अद्वैत," ते म्हणाले, "खरं बोल. तू पैसे लावतोस?"

"नाही, बाबा."

"बघ हां. या घरात एकाने—"

"त्यांना मध्ये आणू नका, भावजी," सुनंदा म्हणाली.

"का नको? त्याच्यामुळेच तर—"

"पहिलं तिकीट मी आणलं होतं."

पद्मनाभांना ऐकू आलं, पण समजलं नाही.

"त्यांनी नाही," ती म्हणाली. तिने हात मांडीवर घट्ट धरले होते. "ते फाटकावर जायचे तेव्हा मी भाजीला जायची. दुकान वाटेतच. पहिल्या दिवशी पाच रुपये. आला आकडा. मग रोज. आईंच्या पाटल्या मी मोडल्या. त्यांना कळलं तेव्हा ते मला ओढून आणायला त्या दुकानात आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मग तेही उभे राहायला लागले. पण सुरुवात माझी."

"वहिनी, काय बोलताय तुम्ही?"

"तुमचा पगार एक तारखेला यायचा, भावजी. दर एक तारखेला. तुम्हाला नाही कळायचं. आमच्याकडे काहीच ठरत नव्हतं. कारखाना उघडणार की नाही, सांगत नव्हतं कोणी. बंद झाला असंही म्हणत नव्हते. मी सकाळी उठायची आणि दिवसाला तळच लागायचा नाही. आणि त्या फळ्यावर दर पंधरा मिनिटांनी काहीतरी ठरायचं. हरायची मी. पण ठरायचं तरी."

अद्वैतने मान वर केली. तो तिच्याकडे असा बघत होता की जणू कुणीतरी त्याच्या घराचा पत्ता बरोबर सांगितला होता.

"तुम्ही त्यांची पिशवी बाहेर ठेवली," सुनंदा म्हणाली, "तेव्हा मी दाराच्या आत उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात, वहिनी, तुम्ही इथंच राहा, पोराला आई नाही. मी राहिले. आनेकलची बस सुटते ना मार्केटातून, चार वेळा गेले होते मी तिथवर. एकदाही चढले नाही. चढले असते तर सांगावं लागलं असतं." ती थांबली. "बावीस वर्षं मी तुमच्या हातचा मान खाल्ला, भावजी. त्यांच्या वाटचा."

पद्मनाभांना उठायचं होतं. त्यांना वाटलं, आपण ओरडावं. पण ओरडायचं कुणावर? जिला बावीस वर्षं सोसलेली बाई समजून जपलं तिच्यावर, की पिशवी उचलून बाहेर ठेवणाऱ्या त्या हातांवर? त्यांनी पेपर शोधला. पेपर हाताशी नव्हता.

"आज का सांगितलंत?" त्यांनी शेवटी विचारलं. आवाज फार लहान झाला होता.

"मी गप्प बसले तसा हा बसेल म्हणून." मग ती अद्वैतकडे वळली. "साडेचारला ती मेल पाठवणार आहे, बाळा. त्याच्या आत बोल. मी बाहेर बसते, हवं तर. पण बोल."

"नको," अद्वैत म्हणाला. "इथंच बसा, दोड्डम्मा."

आणि तो बोलला. पाटावरच्या चिंचोक्यांकडे बघत बोलला. नोकरी अकरा डिसेंबरला गेली. सकाळी निघतो तो कब्बन पार्कात बसतो. आधी वाटलं, महिन्यात दुसरी मिळेल, मग सांगू, म्हणजे सांगायचं दुःख राहणार नाही. मिळाली नाही. फोनवर खेळ सुरू केला, तेही घरात पगारासारखं काहीतरी यावं म्हणून. जानेवारीत दोनदा आलंही. ते पैसे पगार म्हणून खात्यात टाकले.

शाल्मली ऐकत होती. तिचा हात अजून तसाच पुढे होता, चिंचोके सरकवताना ठेवला होता तसा.

"फी?" तिने विचारलं.

अद्वैत एक चिंचोका पाटाच्या कडेला सरकवत राहिला.

"अद्वैत, माझ्या फीचं डिपॉझिट?"

"फेब्रुवारीत मोडलं."

"सगळं?"

"परत आणायला गेलो होतो, शाल्मली. शपथ. जेवढं गेलं तेवढंच परत—"

"सगळं का?"

"सगळं."

पद्मनाभांनी सुनेकडे बघितलं. ती रडेल, ओरडेल, असं त्यांना वाटलं. ती फक्त म्हणाली, "मग मला वाटलं तसा तो पगार नव्हता. जानेवारीत मी तुला शर्ट आणला होता. निळा. तू ऑफिसला घालून गेलास."

"हो."

"पार्कात."

"हो," तो म्हणाला.

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटलं, कडी लावली नाही.

पद्मनाभ आणि त्यांचा मुलगा समोरासमोर बसून राहिले, मधे पाट. म्हाताऱ्याच्या मनात एकच वाक्य फिरत होतं, पूर्वी एकदा म्हटलेलं, उंबऱ्याचं. ते वाक्य ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं. गिळताना त्यांना कळलं की हे तेव्हाही जमलं असतं.

"आज इथं झोप," ते म्हणाले. "उद्या सकाळी कुठं जाऊ नकोस. कुठंच जाऊ नकोस. घरात बस. माझ्याबरोबर बस."

*

आतल्या खोलीत पलंगावर बसून शाल्मली मेल वाचत होती. चार वाजून बावीस मिनिटं. चांगला लिहिला होता तिने. साहेबांचे आभार, सहकाऱ्यांचे आभार, दोन महिन्यांची नोटीस, आणि शेवटी एक ओळ जी तिने आठवडाभर घडवली होती: मला जे करायचं होतं ते करायची वेळ आता आली आहे.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. उद्या सकाळी नऊची कॅब. परवाही. त्याच्या पुढच्या दिवशीही. आता घर तिच्या पगारावर. किती महिने, कुणी सांगणार नव्हतं. तिला वाटलं, अद्वैतला शिव्या द्याव्यात. मग वाटलं, आईला फोन करावा. आईला सांगायचं म्हणजे आधी शब्द जुळवायला लागले असते. एवढ्या मोठ्या शहरात, नवरा भिंतीपलीकडे असताना, तिला बोलायला कुणी नव्हतं. लहानपणी सोनम कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या ओठांकडे बघत असायची. तसं बसलं होतं तिचं मन.

दार थोडं ढकललं गेलं. सुनंदा आत आली आणि पलंगावर न बसता खाली जमिनीवर बसली.

"पाठवलंस?"

"नाही."

"खोडलंस?"

"नाही."

साडेचार वाजले. भिंतीपलीकडे पद्मनाभ काहीतरी विचारत होते आणि अद्वैत एक-एक शब्दात उत्तरं देत होता.

"मला कळतंय, काकू, तुम्ही का सांगितलंत," शाल्मली म्हणाली. "पण मला तुमचाही राग येतोय."

"येऊ दे की."

"तुम्हाला महिन्याभरापूर्वीच संशय आला होता नं? त्या बुधवारी?"

"हो."

"मला फोन केला असता."

"करायला हवा होता," सुनंदा म्हणाली. "पुन्हा तेच केलं मी. बघत बसले."

ती पदराची कड बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. बाहेर गल्लीतले डाव आता मोडत आले होते. कुणी कुणाला हाका मारत होतं, शिवलीला तिच्या नातवाला कन्नडमधून रागवत होती.

"तू त्या हातांच्या खुणा शिकतेस ना फोनवर बघून?" सुनंदाने विचारलं. "मला एक शब्द दाखव."

शाल्मलीने तिच्याकडे बघितलं. "आता?"

"आता. तोंडाने मला नीट आलं नाही मघाशी. भावजींना नुसती हकीगत सांगितली. जे म्हणायचं होतं ते राहिलंच. आणि ज्यांना म्हणायचं होतं ते तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "माझं चुकलं. हे कसं म्हणतात हातांनी?"

शाल्मलीने फोन खाली ठेवला. दोन्ही हात उचलले. ते तिच्या समोर हवेत थांबले. पाणी तिला येत होतं. आई, घर, ये, बस, भूक, आकाश येत होतं. उघडी बोटं थोडा वेळ तशीच राहिली आणि मग हळूच मांडीवर उतरली.

"हे नाही येत मला, काकू," ती म्हणाली. "हे तिथं जाऊन शिकणार होते."